डावा हात, तेरा हाडे

एमडीला असताना बोन एज, म्हणजे हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय ठरवणे, हा आमच्यासाठी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकायचा विषय होता. मनगटातली आठ छोटी हाडे कोणत्या क्रमाने दिसू लागतात ते घोकायचे, तोंडी परीक्षेत समोर आलेली फिल्म बघून 'साधारण सहा वर्षे' म्हणायचे, आणि परीक्षकांनी मान हलवली की सुटलो. रोज सही करून आकडा लिहायची वेळ आली ती ठाण्यात, नौपाड्यातल्या एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये रुजू झाल्यावर. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर मुलांच्या वाढीच्या आणि हार्मोन्सच्या डॉक्टर बसतात. त्यांच्या ओपीडीच्या दिवशी आमच्याकडे डाव्या हातांची रांग लागते. कळवा, मुंब्रा, डोंबिवली, घोडबंदर रोडचे टॉवर, कधी येऊरच्या पाड्यांवरूनही मुले येतात.

रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत मॅडमनी मला वर बोलावले. टेबलावर जुन्या रिपोर्टांचा गठ्ठा होता. "हे बघा. दहा वर्षांचा मुलगा, बोन एज दहा. आठ वर्षांची मुलगी, बोन एज आठ. तुमच्या सेंटरला सगळी मुले इतकी शहाण्यासारखी कशी वाढतात हो?"

त्यांचे म्हणणे साधे होते. रिपोर्ट करणाऱ्याच्या पडद्यावर मुलाचे नाव, वय, जन्मतारीख सगळे वर कोपऱ्यात लिहिलेले असते. ते एकदा वाचले की डोळा ॲटलासमध्ये, म्हणजे वयवार नमुन्याच्या हातांच्या पुस्तकात, त्याच वयाचे पान उघडतो, आणि उघडलेले पान जुळतेच. पुढच्या-मागच्या पानाशीही तितकेच जुळले असते, हे बघायला कोणी जात नाही. म्हणून त्यांनी सुचवले की एकच गठ्ठा आपण दोघींनी वेगवेगळा वाचायचा, वय झाकून. थोड्या आठवड्यांनी तोच गठ्ठा क्रम बदलून पुन्हा वाचायचा. मग दोघींचे आकडे समोरासमोर ठेवायचे.

फक्त मुलगा की मुलगी, एवढे मात्र उघडे ठेवले. ते लागतेच. मुलींची हाडे मुलांच्या पुढे धावतात, आणि वयात येण्याच्या सुमाराला हे अंतर जवळजवळ दोन वर्षांचे होते. तोच हात मुलाचा म्हणून वाचला तर एक वय, मुलीचा म्हणून वाचला तर दुसरे.

गठ्ठा निवडताना पहिली गाळणी आमच्या टेक्निशियन काकांनी लावली. बोन एजचा एक्स-रे सगळ्यात सोपा, असे बाहेर सगळे समजतात. काका तसे समजत नाहीत. डावा तळहात पालथा, सपाट. बोटे किंचित फाकलेली, मधले बोट हाताच्या रेषेत सरळ. अंगठा त्याच्या मर्जीने जिथे पडतो तिथे, ओढून बाहेर काढायचा नाही. किरणांचा मध्य मधल्या बोटाच्या मुळाच्या गाठीवर, आणि मनगटाच्या मागची दोन्ही हाडे चांगली बोटभर तरी फिल्ममध्ये आली पाहिजेत. तीन वर्षांचे मूल तळहात सपाट ठेवत नाही. ते मूठ वळते. मग आई समोर बसून दुसऱ्या हाताशी टाळ्या खेळते आणि काका तेवढ्यात साधतात. बोटे वाकलेली राहिली तर पेरांची टोके एकमेकांवर येतात, आणि जी फट मला बघायची असते तीच झाकली जाते. बांगड्या, कडे, मनगटातला मणी ओवलेला काळा दोरा उतरवावा लागतो. दोऱ्यावरून आजी लोकांशी वाद होतो. मेंदी असू दे म्हणतो, ती फिल्मवर येत नाही.

किरणांची भीती बहुतेक आया विचारतात. हाताच्या एक्स-रेला लागणारी मात्रा छातीच्या एक्स-रेपेक्षाही पुष्कळ कमी असते. डावाच हात का, हेही विचारतात. बहुतेक लोक उजवे, त्यामुळे डाव्या हाताला इजा कमी, आणि जगभरची तुलनेची चित्रे डाव्या हाताचीच आहेत. यापलीकडे त्यात गूढ काही नाही.

पहिली फेरी ग्रॉयलिक आणि पाइल यांच्या ॲटलासची. सगळीकडे 'जीपी' म्हणतात. दुसरी आवृत्ती १९५९ ची, आणि आजही जगातले बरेचसे रिपोर्ट तिच्यावरच निघतात. त्यातली चित्रे अमेरिकेत क्लीव्हलँडला १९३० च्या दशकात सुरू झालेल्या अभ्यासातल्या मुलांची आहेत. गोरी, खात्यापित्या घरची मुले. वापरायची रीत सोपी आहे. समोरचा हात घ्यायचा, ॲटलासची पाने उलटायची, सगळ्यात जवळचे चित्र सापडले की त्याच्याखालचे वय लिहायचे.

सोपी वाटते एवढेच. वय झाकलेले असले की पान कुठे उघडायचे इथूनच सुरुवात होते. मॅडमनी मला आधी टप्पे लावायला शिकवले. अगदी तान्ह्यांमध्ये मनगटाकडे बघायचे. तिथली दोन हाडे, कॅपिटेट आणि हॅमेट, पहिल्या काही महिन्यांत उगवतात, बाकीची पुढची काही वर्षे एकेक करत. शाळकरी वयात मनगटावर फार विसंबायचे नाही, बोटांच्या पेरांकडे वळायचे. प्रत्येक पेराच्या बुडाशी एक वेगळी चकती असते, एपिफिसिस. ती आणि मुख्य हाड यांच्यामधली काळी फट म्हणजे कूर्चा, उंची तिथून वाढते. लहानपणी चकती हाडापेक्षा अरुंद असते, मग रुंदीत त्याच्याबरोबरीला येते, मग तिच्या कडा हाडावर खाली वळतात. याला आम्ही कॅपिंग म्हणतो. त्याच सुमाराला अंगठ्याच्या मुळाशी ज्वारीच्या दाण्याएवढे एक सुटे हाड दिसू लागते, सेसमॉइड. ते दिसले की मूल वयात येण्याच्या उंबऱ्याशी आहे किंवा आत आले आहे. शेवटी फटी बुजायला लागतात, आधी बोटांच्या टोकांच्या पेरांत आणि सगळ्यात शेवटी मनगटामागच्या रेडियस या हाडात.

अडचण अशी की एकाच हातातली सगळी हाडे एका सुरात नसतात. पेरे सांगतात नऊ, मनगट सांगते साडेसात. जीपीत अशा वेळी कोणाचे ऐकायचे हे वाचणाऱ्यावर सोडलेले आहे, आणि आमच्या दोघींचे आकडे पहिल्यांदा फाटले ते इथेच. मी नकळत सरासरी काढत होते. मॅडम सरळ पेरांचे ऐकत होत्या.

दुसरी फेरी टॅनर-व्हाइटहाऊसची, तिसरी सुधारित पद्धत, २००१ ची. टीडब्ल्यू-थ्री. हिच्यात पान जुळवायचे नसते. तेरा हाडे ठरलेली आहेत: मनगटामागची दोन, रेडियस आणि अल्ना, आणि अंगठा, मधले बोट, करंगळी या तिघांची तळव्यातली हाडे व पेरे. दुसरे आणि चौथे बोट मोजायचे नाही. प्रत्येक हाडाला ए, बी, सी करत एक पायरी द्यायची. पायरीच्या व्याख्या शब्दांत लिहिलेल्या आहेत, प्रत्येक पायरीला एक ते तीन कसोट्या. तीन असतील तर दोन तरी पटल्या पाहिजेत, दोन असतील तर एक. अक्षराचे गुण होतात, गुणांची बेरीज होते, बेरजेवरून वय. हजार गुण म्हणजे हात प्रौढ झाला.

माझ्यासारख्या पान उलटणाऱ्या माणसाला हे सुरुवातीला फारच कारकुनी वाटले. एका हाताला चहा गार होईपर्यंत वेळ लागायचा. पण हळूहळू मजा यायला लागली, कारण इथे 'मला वाटते' याला जागा कमी होती. आणि भांडायला नेमकी जागा मिळाली. आम्ही दोघी कुठे वेगळ्या जातो ते आता बोट ठेवून दाखवता येत होते. बहुतेक वेळा मधल्या बोटाचे मधले पेर: एफ की जी? चकतीची कड खरेच खाली वळली आहे की ती नुसती सावली आहे? मॅडम म्हणायच्या, "वळलेली दिसली पाहिजे. वळणार आहे असे वाटून चालणार नाही." त्या एका वाक्यावर माझी बरीच जी परत एफ झाली.

दोन्ही फेऱ्यांचे आकडे कागदावर मांडल्यावर जे दिसले ते असे. लहान मुलांमध्ये आणि अगदी मोठ्यांमध्ये आम्ही जवळ होतो. वयात येणाऱ्या मुलांमध्ये काही महिन्यांचा फरक नेहमीचाच होता. तेवढाच फरक माझ्या पहिल्या आणि दुसऱ्या वाचनात होता, आणि मॅडमच्याही. त्या या क्षेत्रात माझ्या किती तरी आधीपासून आहेत, तरी. मग त्यांनी एक खोडी काढली. त्याच गठ्ठ्यातल्या काही फिल्म वय उघडे ठेवून पुन्हा माझ्यापुढे आल्या. माझे आकडे त्या वयांच्या दिशेने सरकले. प्रत्येक नाही, पण जिथे शंका होती तिथे तिथे. हे वाचून माहीत असणे वेगळे आणि आपल्याच हस्ताक्षरात बघणे वेगळे. तेव्हापासून काका बोन एजच्या फिल्म नाव-वय झाकून पाठवतात, आणि माझा आकडा लिहून झाल्यावरच मी जन्मतारीख उघडते. वय माहीत असावे, त्याने मोठ्या घोडचुका टळतात, असे म्हणणारे चांगले रेडिऑलॉजिस्ट आहेत. मी ते नंतर बघते, आधी नाही, एवढाच माझा फरक.

आकडा काढल्यावर त्याचे काय करायचे, हे मी वरच्या ओपीडीत बसून शिकले. काही दुपारी काम कमी असे तेव्हा मॅडमच्या बाजूला खुर्ची टाकून बसायचे.

खारेगावचा एक तेरा वर्षांचा मुलगा होता. वर्गात रांगेत पहिला उभा राहायचा, आणि आता मित्र त्याला धाकट्या भावाचा वर्गमित्र समजायला लागले होते. आईने वर्षभर दाराच्या पट्टीला लटकायला लावले होते, टीव्हीवरच्या पावडरीचे डबे संपवले होते. हात वाचला तो साडेदहाच्या आसपासचा. सेसमॉइड नाही, कॅपिंग नाही. आईचा चेहरा उतरला. तिला वाटले, म्हणजे मूल अडीच वर्षे मागे. मॅडमनी आधी उंचीचे जुने आकडे मागितले. शाळेच्या आरोग्य तपासणीच्या कार्डावर ते होते: दर वर्षी पाच सेंटीमीटरच्या आसपास, न चुकता. मग वडिलांना विचारले, तुम्ही केव्हा वाढलात? ते हसले. "दहावीची पँट बारावीत घोट्याच्या वर होती." थायरॉईड आणि बाकीच्या तपासण्या ठीक आल्या. घराण्यातच उशिरा वाढायची रीत होती. हाड मागे म्हणजे फट अजून उघडी, म्हणजे वाढायला जागा शिल्लक. बेली आणि पिन्यू यांचे १९५२ चे कोष्टक आहे, बोन एजवरून मूल प्रौढ उंचीच्या किती टक्क्यांपर्यंत पोचले ते सांगणारे. त्या वयाच्या हाडाला साधारण ऐंशी टक्क्यांच्या आसपास. मुलगा १३८ सेंटीमीटर होता. आईनेच मोबाईलवर भागाकार केला. आई-वडिलांच्या उंचीवरून येणाऱ्या अंदाजाशीही तो जुळत होता. त्याचे गणित सोपे: दोघांची बेरीज, मुलगा असेल तर १३ मिळवायचे, मुलगी असेल तर वजा, आणि निम्मे.

इथे एक गोष्ट मला सेंटरमध्ये बसून कधी कळली नसती. ते कोष्टक जीपीच्या वयावर बांधलेले आहे. टीडब्ल्यूचे वय त्यात घालायचे नाही. रिपोर्टमध्ये पद्धत न लिहिता नुसता आकडा लिहिला, तर वर बसलेल्या डॉक्टरला तो कोणत्या कोष्टकात घालायचा तेच कळत नाही.

उलटी गोष्ट ऐरोलीच्या एका मुलीची. सात वर्षे पूर्ण, वर्गात सगळ्यात उंच, घरात कौतुक. आजी म्हणाली, बास्केटबॉलला घालणार आहोत. स्तनांची वाढ सुरू झाली म्हणून आई घेऊन आली होती. मुलींमध्ये आठच्या आधी हे सुरू झाले तर तपासायचेच असते, मुलांमध्ये नऊच्या आधी. हात दहाच्या पुढचा निघाला. आज ती उंच होती कारण हाडे पुढे पळत होती, आणि पुढे पळणारी हाडे लवकर बंद होतात. फट बुजवण्याचे काम इस्ट्रोजेन करते, मुलग्यांमध्येसुद्धा. आज सगळ्यात उंच असलेली ही मुलगी पुढे सगळ्यात बुटकी ठरू शकली असती. तिला वयात येणे थांबवणारी इंजेक्शने सुरू झाली, आणि दर काही महिन्यांनी तिचा डावा हात माझ्यापुढे येतो. या मुलीच्या बाबतीत एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधले अंतर महत्त्वाचे आहे. वर्षभरात हाडे वर्षापेक्षा कमी पुढे गेली तर औषध लागू पडले. म्हणून तिची फिल्म शक्यतो मीच वाचावी असे मॅडम म्हणतात. वाचणारा बदलला की त्याच्या-माझ्यातला फरक औषधाचा परिणाम म्हणून मोजला जातो.

कधी आकडा बाजूलाच राहतो. पाड्यावरच्या एका मुलाच्या फिल्ममध्ये रेडियसचे टोक वाटीसारखे खोलगट आणि कडा विस्कटलेल्या होत्या. मुडदूस. तिथे बोन एज किती हा प्रश्नच नाही, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम आधी. एका बुटक्या मुलीच्या हातात चौथ्या बोटाचे तळव्यातले हाड आखूड होते. एवढ्यावरून निदान होत नाही, पण टर्नर सिंड्रोम या मुलींमधल्या क्रोमोसोमच्या दोषासाठी क्रोमोसोमची तपासणी सुचवायला पुरते.

मग प्रश्न येतो, आपल्या मुलांना क्लीव्हलँडची पट्टी का लावायची? उंचीसाठी आपल्याकडे आपले तक्ते आहेत. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे ५ ते १८ वर्षांचे २०१५ चे तक्ते, ज्यात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांचे मोठे काम आहे, मॅडमच्या टेबलाच्या काचेखाली असतात. हाडांच्या बाबतीत मात्र आम्ही अजून परक्या मुलांच्या हातांशी तुलना करतो. याचा माझ्यापुरता अर्थ असा की एखादे वर्ष मागे-पुढे दिसले की मी पालकांना घाबरवत नाही. जीपीतल्याच मुलांमध्ये शाळकरी वयात दोन्ही बाजूंना सुमारे दोन वर्षांपर्यंत फरक सामान्य धरलेला आहे. तो पट्टा रिपोर्टमध्ये लिहिला नाही तर नुसता आकडा खोटा ठरत नाही, पण खोटे काम करतो.

असे काम त्याच्याकडून करून घ्यायला लोक टपलेलेही असतात. मे महिन्यात, निवड चाचण्यांच्या आधी, एखादे वडील मुलाला घेऊन येतात. दादोजी कोंडदेव स्टेडियमवर सराव, मुलगा चांगला दांडगा. "मॅडम, चौदा लिहून द्याल का?" बीसीसीआय सोळा वर्षांखालील मुलांसाठी आणि पंधरा वर्षांखालील मुलींसाठी टीडब्ल्यू-थ्री वापरते, आणि ती चाचणी त्यांच्या देखरेखीखाली होते. माझ्या कागदाला तिथे किंमत नाही. शिवाय टीडब्ल्यू-थ्रीत मुलांचे हजार गुण साडेसोळाला भरतात, मुलींचे पंधराला. त्यापुढे सतरा आणि एकवीस एकसारखेच दिसतात. आणि सोळाच्या आतही, लवकर वाढलेला खरा चौदाचा मुलगा आणि कागदावर चौदाचा झालेला सोळाचा मुलगा एक्स-रेत शेजारी उभे राहू शकतात. हे अन्यायाचे आहे, पण हाडाला जन्माचा दाखला वाचता येत नाही. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत तर निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असायचा, मास्तरांच्या कृपेने.

कोर्टाचे लोक हे जास्त समजून आहेत. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसेल तर पालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच, जया माला प्रकरणात, हाडांवरून ठरवलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक धरायला हवा असे म्हटले होते.

मध्यंतरी सेंटरमध्ये एक सॉफ्टवेअर वापरून बघायला आले. उत्तर अमेरिकेच्या रेडिऑलॉजी संस्थेने २०१७ मध्ये बोन एजची स्पर्धा घेतली होती. शिकण्यासाठी बारा हजारांवर हात दिले होते, आणि जिंकलेल्या प्रोग्रॅमची सरासरी चूक सुमारे सव्वाचार महिन्यांची होती. आम्हा दोघींच्या भांडणापेक्षा बरी. त्याचा मोठा गुण म्हणजे तीच फिल्म दहादा दिली तरी तोच आकडा. त्याचा एफ संध्याकाळी थकून जी होत नाही. आखूड चौथे हाड मात्र त्याने मला दाखवले नाही. आकडा त्याच्याकडून आणि फिल्म माझ्याकडून, अशी वाटणी मला चालेल. काकांना चालत नाही. बोटे वाकडी असली की ते फिल्म परत पाठवते, आणि काकांना ते वैयक्तिक वाटते.

आता माझ्या रिपोर्टमध्ये चार ओळी असतात. पद्धत कोणती. आकडा. सामान्य पट्टा. आणि आधीची फिल्म उपलब्ध असल्यास तिच्याशी तुलना. ही चौथी ओळ बहुतेक वेळा रिकामी राहते. लोक रिपोर्टचा कागद लॅमिनेट करून ठेवतात आणि फिल्म पावसाळ्यात माळ्यावर चिकटते. सीडी दिली तर घरी चालवायला मशीन नसते. व्हॉट्सॲपवर फोटो येतो, ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला, मागे खिडकीचे गज. त्या फोटोवरून पान जुळवता येईल, पण कड वळली आहे की सावली आहे हे कळणार नाही, म्हणून मी त्यावरून आकडा देत नाही आणि लोक रागावतात. काकांनी त्यावर उपाय काढला आहे. ते फिल्मच्या पाकिटावर जाड मार्करने लिहितात, 'पुढच्या वेळी हे आणा', आणि पालकांकडून मोठ्याने वाचून घेतात.